तोंगारिरोला एकच तारीख देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र फेब्रुवारीत बारा दिवसांसाठी न्यूझीलंडला निघालेत. गाडी भाड्याने घेऊन उत्तर बेट फिरायचं, आठव्या दिवशी तोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही ज्वालामुखींमधली एका दिवसाची पायवाट करायची आणि त्याच संध्याकाळी वेलिंग्टनकडे निघायचं. चौघांपैकी दोघं नियमित धावतात. एकाचा गुडघा उतारावर दुखतो आणि एकाला उंचीची थोडी भीती वाटते. ही वाट आम्हाला जमेल का, तयारी काय करावी, आणि नेमकी त्या दिवशी हवा बिघडली तर काय करायचं?

गेली अठरा वर्षं मी लहान गट घेऊन परदेशातल्या डोंगरांत जातोय. ही वाट मी सात वेळा पूर्ण केली आहे, तीन वेळा अर्ध्यातून परत फिरलोय, आणि दोनदा तर पायथ्याच्या गावातून हललोही नाही. त्यामुळे मुख्य उत्तर आधीच देतो: वाट तुम्हाला बहुधा जमेल. जमणार नाही ते तुमचं वेळापत्रक. आठवा दिवस तोंगारिरोसाठी आणि नववा वेलिंग्टनसाठी असं पक्कं ठरवून तुम्ही निघालात, तर हवेबद्दलचा निर्णय तुम्ही घरी बसून आत्ताच घेऊन टाकलाय. तिथे पोहोचल्यावर आकाश काहीही सांगत असलं, तरी तुमचे कान बंद असतील. मी अनेक गटांचं असं झालेलं पाहिलंय. त्यातले बहुतेक लोक समजूतदार होते, माझ्यापेक्षा दमदार होते. त्यांच्याकडे फक्त दुसरा दिवस नव्हता.

आधी वाटेबद्दल सांगतो, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतोय ते कळेल.

तोंगारिरो राष्ट्रीय उद्यान हे न्यूझीलंडमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. नाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तूकिनो चौथे यांनी 1887 साली ही शिखरं देशाच्या हवाली केली, त्यातून ते उभं राहिलं. 1990 मध्ये निसर्गासाठी आणि 1993 मध्ये सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून त्याला जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. तोंगारिरो, नाउरुहोए आणि रुआपेहू हे तिन्ही ज्वालामुखी जिवंत आहेत. नातोरोइरांगी नावाचा पुरोहित या डोंगरावर चढला आणि थंडीने मरणाच्या दारात पोहोचला, अशी माओरी कथा आहे. त्याने दूर समुद्रापलीकडच्या बहिणींना हाक मारून अग्नी मागितला आणि तो अग्नी जमिनीखालून धावत आला. तोंगा म्हणजे दक्षिणेचा वारा, रिरो म्हणजे वाहून नेलेला. थंड दक्षिण वारा मला घेऊन चाललाय, अशी त्याची हाक होती, आणि तीच डोंगराचं नाव झाली. मी ही कथा प्रत्येक गटाला आदल्या रात्री सांगतो. त्या डोंगरावर जगलेल्या लोकांनी सगळ्यात आधी कशाची नोंद केली हे त्यातून ध्यानात येतं.

एकूण चाल साधारण 20 किलोमीटरची, सात-आठ तासांची. बहुतेक जण पश्चिमेकडच्या मांगातेपोपोहून सुरुवात करून उत्तरेकडे केतेताहीला उतरतात, कारण मांगातेपोपो साधारण 1,120 मीटरवर आहे आणि केतेताही 760 च्या आसपास. या दिशेने चढ कमी पडतो. सर्वांत उंच जागा रेड क्रेटरची, 1,886 मीटर. आकडे वाचून दोन गैरसमज होतात. पहिला असा की जेमतेम पावणेआठशे मीटरचा तर चढ आहे, त्यात काय! दुसरा असा की उंची दोन हजाराच्या आतच आहे, म्हणजे थंडीचा प्रश्न नाही. उंचीमुळे श्वासाला त्रास होत नाही हे खरंच. पण मांगातेपोपोची दरी संपली की केतेताहीच्या उतारावर येईपर्यंत आडोसा म्हणावा असं काही नाही. झाड नाही, भिंत नाही, मोठा दगडही क्वचित. पश्चिमेकडच्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला फारसं काही नसतं, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर धारेवरून चालत असता.

या वाटेचं नाव पूर्वी नुसतं तोंगारिरो क्रॉसिंग होतं. लोक फिरायला आल्यासारखे साध्या बुटांत, जीन्समध्ये यायचे आणि अडकायचे. 2007 मध्ये संवर्धन खात्याने नावात अल्पाइन हा शब्द मुद्दाम घातला, ही उंच डोंगरातली वाट आहे हे निदान नाव वाचून तरी कळावं म्हणून.

आता हवेचं गणित. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. टाउपोचं तळं साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. तिथे काठावर बसून तुम्ही 20 अंशांत कॉफी पीत असाल, तर त्याच वेळी रेड क्रेटरवर 10 अंश असतील. हवा बिघडली की तिथे 5 अंश आणि ताशी 60 किलोमीटरचा वारा ही काही अनोखी गोष्ट नाही. अशा वेळी उघड्या त्वचेला उणे 2 अंशांसारखं वाटतं, तेही कोरडे असाल तर. चढावर घामाने भिजलेला सुती टी-शर्ट अंगाला चिकटलेला असेल, तर हिशोब आणखी बिघडतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. शिवाय वाऱ्याचा धक्का त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 30 चा 60 झाला, तर धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा, पण तिथे बर्फ वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पडू शकतो.

माझा स्वतःचा नियम सांगतो. रेड क्रेटरच्या उंचीवर ताशी 40 किलोमीटरच्या आत वारा असेल तर निघायचं. 40 ते 60 च्या मध्ये असेल तर गट कसा आहे ते पाहायचं, आणि तुमच्या गटात उंचीची भीती असलेला एक जण आहे म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर 'नाही' असं आहे. 60 च्या वर असेल तर विषय संपला. अंदाज पाहताना गावाचा पाहू नका. मेटसर्व्हिस ही तिथली हवामान संस्था राष्ट्रीय उद्यानासाठी डोंगरावरच्या उंचीचा वेगळा अंदाज देते, तो पाहा. आदल्या संध्याकाळी पाहा आणि पहाटे पुन्हा पाहा. वाटेच्या टोकांना माणसं नेणारे-आणणारे शटलवाले हवा वाईट असेल तर स्वतःहून फेऱ्या रद्द करतात. त्यांनी रद्द केलं तर वाद घालू नका. मात्र त्यांनी रद्द केलं नाही म्हणजे हवा तुमच्या गटासाठी योग्य आहे, असा अर्थ काढू नका.  तुमचा गुडघा आणि तुमच्या मित्राची भीती त्यांना माहीत नसते.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये सहा मित्रांचा गट घेऊन गेलो होतो. सगळे कॉलेजपासूनचे, पंचविशीपासून एकत्र हिंडलेले. त्यातला सगळ्यात तगडा माणूस मॅरेथॉन धावणारा होता. सोडा स्प्रिंग्जपर्यंतचा भाग सोपा असतो, लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना लाव्ह्याची जुनी काळी रांग. पुढे डेव्हिल्स स्टेअरकेस नावाचा पायऱ्यांचा दमदार चढ लागतो. हा माणूस तो जवळजवळ धावत चढला आणि वर साउथ क्रेटरच्या काठाशी आमची वाट बघत थांबला, घामाने भिजलेल्या सुती टी-शर्टमध्ये. जॅकेट त्याच्या सॅकमध्येच होतं. आम्ही पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. साउथ क्रेटर म्हणजे सपाट, पिवळसर मातीचं मोठं मैदान आहे, त्यावरून वारा थेट वाहत होता आणि ढग खाली येत होते.

मी पोहोचलो तेव्हा तो गप्प होता. हा माणूस गप्प राहणारा नाही. सॅकचा पट्टा त्याला सोडवता येत नव्हता, आणि मित्र हसत होते, कारण बावीस वर्षांच्या दोस्तीत असं काही झालं की हसायचंच असतं. मी त्याला म्हटलं, अंगठा करंगळीला लाव. लागेना. तीनदा प्रयत्न केला, लागेना. तेव्हा हसू थांबलं.

शरीर गार पडू लागलं की चार खुणा दिसतात, आणि त्या मित्रांनाच आधी दिसतात: पाऊल अडखळतं, जीभ जड होते, बोटं ऐकत नाहीत, माणूस चिडचिडा किंवा अबोल होतो. ज्याला हे होतंय त्याला ते कळत नाही. तो 'मी बरा आहे' म्हणेल आणि त्याचा स्वतःचा त्यावर विश्वासही असेल. त्याला कोरडे कपडे घातले, दोघांच्या मध्ये घेतलं, गोड खायला दिलं आणि आम्ही खाली वळलो. दरीत उतरल्यावर, वारा तुटल्यावर, तासाभरात तो पुन्हा बोलू लागला. मांगातेपोपोच्या झोपडीत थांबून गरम चहा पोटात गेल्यावर पूर्ण ठीक झाला.

मात्र वळताना एक जण माझ्यावर भडकला होता. इतक्या लांब आलो, इतके पैसे खर्च केले, बाकीचे पाच जण ठीक आहेत, त्यांना पुढे जाऊ द्या. मी जाऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलला नाही. आणि मला आजही वाईट वाटतं, ते याचं की दोन दिवसांनी आकाश निळंशार होतं. आम्ही तेव्हा वेलिंग्टनच्या फेरीबोटीत होतो, कारण आखणी माझीच होती आणि मी डोंगराला एकच दिवस दिला होता. चूक माझी होती. तेव्हापासून तोंगारिरोला मी तीन दिवसांची जागा देतो.

तुमच्या आखणीत हे कसं बसवायचं? बारा दिवसांत तोंगारिरोच्या पायथ्याशी सलग तीन रात्री ठेवा. नॅशनल पार्क नावाचंच गाव आहे, फाकापापा, तुरांगी किंवा ओहाकुनेही चालेल. तीन दिवसांतला सर्वांत चांगल्या हवेचा दिवस क्रॉसिंगला द्या. उरलेले दोन दिवस वाया जात नाहीत. फाकापापाहून तारानाकी फॉल्सची 6 किलोमीटरची फेरी दोन तासांत होते, जुन्या लाव्ह्याच्या कडेवरून 20 मीटरचा धबधबा कोसळतो, आणि पावसात तो आणखी देखणा दिसतो. सिलिका रॅपिड्सची 7 किलोमीटरची फेरी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून जाते. हवा मध्यम असेल आणि पाय मोकळे करायचे असतील तर तामा लेक्स, जाऊन-येऊन 17 किलोमीटर. चढ सौम्य आहे आणि पाहिजे तेव्हा मागे फिरता येतं. तीन रात्रींसाठी दुसरीकडचं एखादं ठिकाण गाळावं लागेल. गाळा. मी बरीच वर्षं हे गट घेऊन जातोय आणि कमी ठिकाणं पाहिली म्हणून कोणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

आता मित्रांबद्दल. अनोळखी लोकांच्या गटात माणूस 'मला त्रास होतोय' हे तुलनेने लवकर सांगतो. मित्रांत सांगत नाही. आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस बुडू नये असं त्याला वाटतं, आणि ही काळजी प्रेमातूनच आलेली असते, म्हणून ती ओळखायला अवघड जाते. यावर मला एकच उपाय सापडलाय. आदल्या रात्री जेवताना चौघांनी मिळून ठरवायचं की उद्या एकाने जरी 'परत' म्हटलं तर चौघं परतणार, कारण विचारायचं नाही, समजावायचं नाही. मतदान नाही. हे वर धारेवर ठरवता येत नाही, कारण तिथे वाऱ्यात ओरडून बोलावं लागतं आणि सगळे थकलेले असतात. खाली, पोट भरलेलं असताना ठरवावं लागतं. त्याच वेळी परतायच्या दोन जागा नक्की करा: सोडा स्प्रिंग्ज आणि साउथ क्रेटर. दोन्ही ठिकाणी थांबायचं, काहीतरी खायचं, एकमेकांचे चेहरे बघायचे आणि प्रत्येकाने मोठ्याने हो किंवा नाही म्हणायचं. साउथ क्रेटर ही शेवटची खरी जागा आहे. रेड क्रेटर ओलांडून घसाऱ्यावरून खाली पाचूच्या तळ्यांपर्यंत (एमराल्ड लेक्स) उतरलात की परत चढणं नकोसं होतं आणि पुढे निम्म्याहून जास्त वाट उरलेली असते.

सगळ्यात हळू चालणारा पुढे राहील. धावणारे दोघं मागे. त्यांना हे जड जाईल, पण सगळ्यात पुढे जाऊन वाट पाहणारा माणूस गार पडतो आणि सगळ्यात मागे राहणारा घाईत पाय चुकवतो. दोन्ही मी पाहिलंय. मागच्याचा आवाज पुढच्याला ऐकू येईल एवढंच अंतर ठेवा. पाचूच्या तळ्यांपाशी नॉर्दर्न सर्किट नावाची दुसरी वाट फुटते. दाट ढगात तिथे चुकीच्या वाटेला लागलेले लोक मला भेटलेत. खुणेचे खांब एकापुढे एक दिसत राहिले पाहिजेत. पुढचा खांब दिसत नसेल तर मागच्याजवळ थांबा.

उंचीची भीती असलेल्या मित्राला कसोटी लागेल ती साउथ क्रेटर ते पाचूची तळी या टप्प्यात. आधी धारेवरचा उभा चढ, दोन्ही बाजू मोकळ्या. वर तांबड्या-काळ्या भिंतींचं विवर उघडं पडतं, त्यातल्या लोखंडाच्या गंजाने तो रंग आलाय. मग लगेच पलीकडचा घसारा, ज्वालामुखीची सुटी खडी, पाऊल टाकलं की दोन बोटं खाली सरकते. लोक इथे मागे झुकतात आणि बसकण मारतात. उलट करायचं असतं. गुडघे किंचित वाकवायचे, टाच रोवायची, पावलं लहान ठेवायची आणि नजर पायापासून दोन-तीन पावलं पुढे ठेवायची. ज्या मित्रावर त्याचा विश्वास आहे तो एक पाऊल पुढे, थोडा खालच्या बाजूला चालू दे. बोलत राहा. माझ्या अनुभवात, स्वच्छ हवेत आणि मंद वाऱ्यात भीती असलेले लोक हा भाग नीट उतरतात. दाट ढगातसुद्धा उतरतात, कारण खोली दिसत नाही. जोरदार वाऱ्यात मात्र त्यांचे पाय थिजतात, आणि म्हणूनच वर मी तुमच्यासाठी मर्यादा 40 ची ठेवली.

गुडघ्याबद्दल जरा कठोर बोलतो. लोक चढाची तयारी करतात आणि या वाटेवर गुडघा दुखतो तो उतारावर. रेड क्रेटरपासून केतेताहीपर्यंत 1,100 मीटरहून जास्त उतरायचं असतं, आणि त्यातला शेवटचा मोठा भाग वळणावळणांचा, कंटाळवाणा, पायऱ्यांचा आहे. तोपर्यंत मांड्या थकलेल्या असतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. त्या मित्राने आजपासून निघेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस जिने उतरावेत. चढताना लिफ्ट घेतली तरी चालेल, उतरायचं मात्र पायी, पाठीवर पाच किलो घेऊन. सहा आठवड्यांनी सलग चाळीस मजले उतरल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत असेल, तर त्याने हे क्रॉसिंग करू नये, आणि तुम्ही त्याला आग्रह करू नये. त्याच्यासाठी तामा लेक्स आहे, आणि त्या दिवशी चौघांनी तामा लेक्सला जाणंही मला चुकीचं वाटत नाही. जाणार असेल तर दोन ट्रेकिंग पोल, आणि ते उतारावर थोडे लांब करून वापरायचे.

सामान फार नको. पण प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्ये हवं, चौघांत मिळून एक नको: पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट, लोकर किंवा फ्लीसचा थर, टोपी, हातमोजे, कोरडा बदली टी-शर्ट आणि हेडटॉर्च. सुती काही नको, जीन्स तर नकोच. चढ सुरू करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार होऊन निघालात तर पंधरा मिनिटांत घाम येईल. पाणी माणशी किमान दोन लिटर, उन्हात तीन. वाटेत पिण्याचं पाणी कुठेच मिळत नाही. न्यूझीलंडचं ऊन विलक्षण तीव्र असतं, ढगाळ दिवशीही चेहरा आणि मान भाजते, त्यामुळे सनस्क्रीन निघतानाच लावा. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. 111 हा तिथला आपत्कालीन क्रमांक आहे, पण मी त्यावर विसंबत नाही. उपग्रहाशी थेट बोलणारा लोकेटर बीकन दिवसाच्या भाड्याने मिळतो, तो घ्या आणि त्याची कळ कशी दाबायची ते चौघांनाही माहीत असू द्या. बीकन दाबला तरी दाट ढगात आणि जोरदार वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही. तेव्हा मदत पायी येते आणि तिला काही तास लागतात. ते तास तुम्हाला तुमच्याच कपड्यांत काढायचे असतात.

एक लहानशी पण महाग पडणारी गोष्ट: ट्रेकिंगचे बूट आणि पोल घासून, मातीचा कण राहणार नाही असे धुऊन न्या आणि विमानतळावरच्या अर्जात जाहीर करा. खाण्याचे पदार्थही. जाहीर केलं तर तपासतात आणि फार तर एखादी वस्तू ठेवून घेतात. लपवलं तर जागेवर दंड होतो.

गाडीचा प्रश्नही तुमच्या मनात असेल. हंगामात मांगातेपोपोच्या वाहनतळावर चार तासांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही आणि ही वाट तर सात-आठ तासांची. गाडी शेवटाकडे ठेवून सकाळी शटलने सुरुवातीला जाणं मला सर्वांत पसंत आहे. मग संध्याकाळी कुठलीही ठरलेली वेळ गाठायची नसते आणि गुडघा दुखणाऱ्याला कोणी घाई करत नाही. फेब्रुवारीत आठ ते साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी सातला निघालात तर उजेड पुरेसा आहे. संवर्धन खात्याकडे चालण्याच्या दिवसाची मोफत नोंदणी होते, तीही करा.

ज्वालामुखीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. 6 ऑगस्ट 2012 च्या रात्री ते मारी विवरातून उद्रेक झाला आणि दगड केतेताहीच्या झोपडीचं छप्पर फोडून आत पडले. झोपडी तेव्हा रिकामी होती. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला भर दुपारी, वाटेवर लोक असताना, पुन्हा उद्रेक झाला. कोणाला इजा झाली नाही. त्या झोपडीत आता मुक्काम करता येत नाही. जिओनेट ही संस्था ज्वालामुखीची सावधानतेची पातळी 0 ते 5 अशी जाहीर करते. निघायच्या सकाळी ती पाहा. 0 असली तरी उद्रेक होऊ शकतो हे ध्यानात ठेवून जा, वर गेली असेल तर तिथल्या संवर्धन खात्याच्या केंद्रात विचारा आणि ते सांगतील तेच करा. शेवटच्या जंगलाच्या पट्ट्यात ओढ्याकाठी चिखलाच्या लोंढ्याच्या धोक्याची पाटी लागते. तिथे बसू नका, फोटोला थांबू नका, पलीकडे जाऊन बसा.

शिखरांवर चढू नका. नाउरुहोएचा तो देखणा शंकू वाटेवरून सतत खुणावतो आणि तरुण मित्रांच्या गटात कोणीतरी 'दोन तासांत जाऊन येऊ' म्हणतंच. ही शिखरं तूफारेतोआंना पूर्वजांइतकी पवित्र आहेत आणि त्यांनी चढू नका अशी विनंती केली आहे. तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका, ही दुसरी विनंती. पाचूची तळी पाहिल्यावर हात लावावासा वाटतोच. रेड क्रेटरमधून झिरपणाऱ्या खनिजांनी तो हिरवा-निळा रंग आलाय, पाणी आम्लधर्मी आहे, आणि काठावरून बघून ते पुरतं मनात राहतं. मी तिथे गटाला दहा मिनिटं गप्प बसायला सांगतो. आसपास जमिनीतून वाफ निघत असते, गंधकाचा वास असतो, आणि आदल्या तासाभरात घाबरलेले, दमलेले, एकमेकांना हात दिलेले लोक एका ओळीत बसून तिकडे बघत असतात. या कामात मी अजून टिकून आहे तो अशा दहा मिनिटांसाठी.

राहिली ती त्या संध्याकाळची गाडी. वेलिंग्टन तिथून चार तासांच्या आसपास आहे. आठ तास चाललेला, सकाळी पाचला उठलेला, उन्हाने भाजलेला माणूस गरम गाडीत बसला की अर्ध्या तासात डोळे मिटू लागतो, आणि तिकडचे रस्ते अरुंद, वळणांचे, बहुतेक दुपदरी आहेत. धावणारे दोघं म्हणतील आम्ही चालवतो, आम्ही थकलो नाही. त्यांनाही चालवू देऊ नका. केतेताहीहून थेट मुक्कामाला जा, चौघांनी ओले बूट दाराबाहेर काढा, जेवा आणि झोपा. वेलिंग्टनला सकाळी निघा.